पोतेऱ्यापासून पात्यापर्यंत : शेगडीवरच्या डागांचा इतिहास

इतिहास म्हटला की गड, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. शेगडीवरच्या डागालाही इतिहास आहे असे कोणी म्हणाले, तर भगिनींनो, आपल्याला प्रथम हसूच येईल. परंतु ज्या कामात आपल्या आज्यांचा, पणज्यांचा आणि आपला स्वतःचा रोज थोडाथोडा वेळ गेला, आणि तो सगळा मिळून आयुष्याची कित्येक वर्षे भरतील इतका झाला, त्या कामाचा हिशेब कोणत्याही बखरीत मांडलेला नाही. तो निदान मंडळाच्या स्मरणिकेत तरी मांडावा, एवढ्याच बुद्धीने हे लिहीत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या स्वयंपाकघरात काजळी होती, धूर होता, राख होती, आढ्याला लोंबणारी जळमटे होती. पण चुलीवर 'न निघणारा डाग' हा प्रकारच नव्हता. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण माणसांच्या गुणदोषांविषयी वापरतो. ती अक्षरशः घेतली तर तिच्यात स्वच्छतेचे एक मोठे शास्त्र दडलेले आहे. चूल मातीची, तिचा वैल मातीचा, भोवतालची जमीनही मातीचीच. दूध उतू गेले तर ते मातीत मुरे, तिथेच जळे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेणामातीचे पोतेरे फिरले की त्या डागावर नवा थर चढे. चुलीचा पृष्ठभाग घासून जुना शाबूत ठेवायचा नसे. तो रोज नवा करायचा असे. डाग निघाला की नाही, हा प्रश्नच उरत नसे, कारण ज्याच्यावर डाग पडला तेच झाकून गेलेले असे. आणि थर फार जाड झाले की चूल फोडून नवी घालीत.

दूध उतू जाणे हे आपल्याकडे अशुभ नव्हते, हेही इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून त्यांवर बोळक्यात दूध ठेवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी दूध उतू घालविण्याची चालही पुष्कळ घरांत आहे. ही चाल मातीच्या चुलीच्या काळात पडली असली पाहिजे, असा माझा तर्क आहे. काचेच्या शेगडीवर दूध उतू गेले असता कोणत्या गृहिणीला ते समृद्धीचे लक्षण वाटते, हे तिने प्रामाणिकपणे सांगावे!

अर्थात या मातीच्या चुलीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. रोज पहाटे उठून गार जमिनीवर बसून सारवायचे, ते बहुधा घरातल्या धाकट्या सुनेने. पुन्हा त्यात स्वच्छता किती आणि सोवळे किती, हा प्रश्न वेगळाच. पुष्कळ घरांत चूल सारवीत ती घाण झाली म्हणून नव्हे, तर खरकटे लागले, विटाळ झाला म्हणून. त्या धुराने किती जणींचे डोळे गेले आणि किती जणी दम्याने खंगल्या, याची मोजदाद तेव्हा झाली नाही. तेव्हा चुलीची आठवण काढावी, पण ती परत यावी असे मात्र म्हणू नये.

चुलीने आणखी एक वस्तू दिली, ती म्हणजे राख. चुलीला राखेची गरज नसे, पण भांड्यांना असे. भांडी राखेने का निघतात, याचे उत्तर आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होते. कारण मागाहून कळले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तो पाण्यात विरघळला की तुपातेलाचा चिकटपणा तोडतो. युरोपातही राख पाण्यात कालवून, ते पाणी मडक्यात आटवून हा क्षार काढीत. मडके आणि राख या दोन शब्दांच्या जोडीवरूनच इंग्रजीत 'पोटॅश' हे नाव पडले. हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८०७ साली त्यापासून जे नवे मूलद्रव्य वेगळे केले, त्याला त्याने 'पोटॅशियम' म्हटले. म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकातले हे भारदस्त नाव मुळात एका मडक्यातून आलेले आहे.

राखेत क्षाराखेरीज बारीक कणही असतात. भाताच्या तुसाची राख घेतली तर तिच्यात वाळूच्याच जातीचा पदार्थ, सिलिका, भरपूर असतो. ती भांडे घासते आणि ओरखडतेही. पितळेच्या जाड पातेल्याला चार ओरखड्यांचे काही वाटत नसे. पुढे मात्र याच गोष्टीने घोटाळा केला, तो पुढे सांगेन.

चूल ओट्यावर चढण्यापूर्वी मध्ये दोन पायऱ्या झाल्या, लोखंडी शेगडी आणि घासलेटचा स्टोव्ह. शेगडीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मुंबईच्या चाळीत लाकडे रचायला जागा नाही, म्हणून कोळसा आला; कोळशाची शेगडी काळीच असते, तिच्यावर पडलेला डाग दिसत नाही. इंग्लंडात मात्र लोखंडी चुलाणे दिवाणखान्याइतकी चकचकीत ठेवण्याचे वेड होते. त्याला शिशाची काळी म्हणत, वस्तुतः ते ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या पेन्सिलीतली कांडी. त्याची पूड ओली करून चुलाण्याला फासायची आणि ब्रशाने चमक येईपर्यंत घासायची. हे काम पहाटे उठून मोलकरणीने करावयाचे. सून तिथे नव्हती, मोलकरीण होती, एवढाच फरक.

स्टोव्हची गोष्ट निराळी. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास घासलेटचा असा स्टोव्ह बनविला की ज्यात हवेच्या दाबाने तेल वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ निळ्या ज्योतीने जळते. वात नाही, म्हणून काजळी नाही. 'प्राइमस' या नावाने तो जगभर गेला. आमुंडसेनच्या तुकडीने १९११ साली दक्षिण ध्रुव गाठला तेव्हा तो त्यांच्या सामानात होता, आणि आपल्या मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तर तो घरचाच झाला. त्याचा तो फरफर आवाज, काकडा, स्पिरिट, बारीक पिन मारून मोकळे करायचे भोक, हे सारे आपल्या मंडळातील वयोवृद्ध भगिनींच्या कानांत आणि बोटांत अजून असेल.

स्टोव्ह पितळेचा. आणि पितळ म्हटले की ते लख्ख हवेच, हा आपल्या घरांचा कायदा. इथे चूल पहिल्यांदा 'भांडे' झाली. मातीच्या चुलीला पोतेरे, पण स्टोव्हला चिंच! चिंचेतले आम्ल पितळेवर चढलेला काळा-हिरवा थर विरघळवून टाकते आणि खालचा सोन्यासारखा रंग उघडा करते. स्टोव्हची टाकी किती चकाकते यावरून सुगृहिणीची परीक्षा होऊ लागली. दूध उतू गेले की ते बर्नरच्या कपात शिरे, जळे, आणि मग रविवारी सकाळी त्याचे निरनिराळे भाग सुटे करून चिंच-मिठाने घासण्याचा कार्यक्रम होई. जो पदार्थ मातीने निमूटपणे गिळला असता, तो धातूने जसाच्या तसा परत दिला. डागाचा जन्म झाला तो असा इथे.

या स्टोव्हच्या संदर्भात एक काळी बाजू आहे, ती गाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत असे. काही ठिकाणी तो खरोखर अपघात होता, भोक चोंदलेले, दाब जास्त, नायलॉनची साडी. पुष्कळ ठिकाणी तो अपघात नव्हता, आणि स्टोव्ह बिचारा खोट्या साक्षीला उभा केला जात होता. स्त्रियांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविला. १९८३ साली दंडसंहितेत कलम ४९८ अ आले आणि १९८६ साली हुंडाबळीसंबंधीचे ३०४ ब. स्वयंपाकघरातल्या काही डागांना सोडा पुरत नाही.

आता सोड्याकडे वळू. राख गेली, कारण लाकूड गेले. मग क्षार कोठून आणायचा? आपल्याकडे सज्जीखार आणि पापडखार पूर्वीपासून होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी इतके खारे आहे की त्याच्या काठावर सोड्याचे थर साचत. ते गोळा करून साबणासाठी आणि बांगड्यांच्या काचेसाठी वापरीत. परंतु साऱ्या जगाला पुरेल इतका सोडा सरोवरांतून निघणार नव्हता. फ्रान्समध्ये निकोला लब्लां याने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याच्या नशिबी मात्र सुख नव्हते. राज्यक्रांतीत त्याचा कारखाना गेला आणि १८०६ साली त्याने जीव दिला. १८६१ साली बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे याने अमोनियाच्या साह्याने अधिक स्वच्छ आणि स्वस्त कृती काढली, आणि धुण्याचा सोडा पुड्यांतून घरोघर गेला. आपल्या देशात ओखामंडळाच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ साली झाली. नावच मिठापूर! समुद्राचे मीठ, चुनखडी आणि कोळसा यांचा सोडा होतो, आणि तो आपल्या मोरीपर्यंत येतो.

सोड्याने डाग निघतो तो का, हे समजण्यासाठी डाग म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. आपण सर्वांना 'करपलेले' म्हणतो, पण त्यात निदान तीन निरनिराळ्या जाती आहेत.

पहिली दुधाची. दुधात साखर आहे आणि प्रथिने आहेत. ती एकत्र तापली की त्यांचा संयोग होऊन तपकिरी रंग येतो. हा संयोग १९१२ साली लुई कामिय मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णन केला. पोळीवरचे डाग, बासुंदीचा रंग, खरवडीची खमंग चव, ही सारी त्याचीच लेकरे. तोच संयोग पातेल्यात झाला तर कौतुक, शेगडीवर झाला तर कपाळाला आठ्या. हा डाग जळून कोळसा होईपर्यंत थांबलो नाही, तर तो पाण्याने मऊ पडतो. म्हणून दुधाच्या डागाला घाई करावी, आणि शेगडी कोमट झाल्याबरोबर ओले फडके त्यावर ठेवावे.

दुसरी जात तेलाची, आणि ती खरी हट्टी. फोडणीचे तेल उडते, त्याचा पातळ पापुद्रा शेगडीवर बसतो, रोजच्या उष्णतेने त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि त्याचे पिवळट, चिकट, पुढे कडक असे रोगण होते. रोगण हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवितात तो याच गुणामुळे. ते तेल वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. आता मौज पाहा. आपल्या देशावरचे आवडते करडईचे तेलही थोडेफार याच गुणाचे आहे, आणि रंगाच्या धंद्यातही त्याचा उपयोग करतात. उलट कोकणातले खोबरेल असे सहजासहजी घट्ट होत नाही. सोलापूरच्या आणि मालवणच्या स्वयंपाकघरांतल्या चिकटपणात फरक का, याचे उत्तर सुगृहिणीच्या हातात नसून तेलाच्या बुधल्यात आहे. शेंगदाण्याचे तेल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. हे रोगण साध्या साबणाने विरघळत नाही. क्षार हवा, थोडी ऊब हवी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ हवा. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरबी आणि क्षार यांपासून साबण कसा होतो हे उलगडून दाखविले. आपण सोड्याचे ओले फडके डागावर अर्धा तास ठेवतो, तेव्हा त्या डागाचाच थोडासा साबण होत असतो. हात दुखेपर्यंत घासण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक काम करतो.

तिसरी जात पाण्याची. भाताची पेज, डाळीचे पाणी आटले की मागे पांढरी कडी राहते. बोअरच्या पाण्यात तर ती फारच. हा चुन्याच्या जातीचा क्षार आहे, त्यावर सोडा चोळून काही होत नाही. त्याला लिंबू किंवा व्हिनेगर हवे. डाग एका जातीचा आणि औषध दुसऱ्या जातीचे, यातच आपली निम्मी मेहनत फुकट जाते.

गॅसची कथा मुंबईपासून सुरू होते. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. हा गॅस दगडी कोळशापासून काढलेला, नळातून येणारा. लालबागेत 'गॅस कंपनी लेन' हे नाव त्या काळाची खूण म्हणून राहिलेले आहे. सिलिंडरातला गॅस आला तो १९५५ साली. बर्मा शेल कंपनीने तो मुंबईत विकायला प्रारंभ केला. इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ साली कलकत्त्यापासून सुरू झाला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे गॅससाठी नाव नोंदवून वाट पाहण्यात कशी गेली, ते आपल्या पिढीला सांगायला नको. मुलीच्या लग्नापूर्वी तिच्या नावाने नंबर लावणारे वडील त्या काळी दूरदर्शी समजले जात! पुढे १९९५ साली महानगर गॅस कंपनी निघून मुंबईत नळाचा गॅस नव्याने आला, आणि २०१६ साली उज्ज्वला योजनेने खेड्यांतल्या कोट्यवधी स्त्रियांच्या घरी शेगडी पोहोचली. पुन्हा सिलिंडर भरून आणायला पैसे नसले म्हणजे तीच शेगडी कोपऱ्यात जाते आणि चूल पेटते, हेही खरेच.

गॅसबरोबर बाई उभी राहिली. ओटा आला, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, आणि शेगडी डोळ्यांच्या टप्प्यात आली. जमिनीवरच्या चुलीकडे पाहुण्यांचे लक्ष जात नसे. ओट्यावरच्या शेगडीकडे जाते. डाग वाढले नाहीत, ते दिसू लागले, असेही म्हणता येईल.

ही शेगडी प्रथम एनॅमलची, म्हणजे लोखंडावर काचेसारखा थर भाजून काढलेली असे. तिला आम्लाचे भय. लिंबू-चिंच लावून ठेवली की चकाकी कायमची मंदावते. मग पोलाद आले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधताना सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले, आणि ते गंजत नाही असे त्याच्या ध्यानात आले. नळ्या राहिल्या बाजूला, सुरीकाट्यांचे काम झाले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यातही तसेच पोलाद, निकेल घालून, तयार झाले होते. आपण ज्याला नुसते 'स्टील' म्हणतो ते हे. त्याचे रक्षण करतो तो त्याच्या अंगावरचा क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पदर, जो फाटला तरी हवा लागताच पुन्हा विणला जातो. बर्नरभोवती कधी निळसर-सोनेरी इंद्रधनुष्य दिसते, ते घाणीचे नव्हे. उष्णतेने तो पदर जाड होतो आणि प्रकाशाचे रंग दाखवितो. तो कितीही घासला तरी साबणाने जात नाही. व्हिनेगराने पुष्कळसा फिका होतो, आणि न गेला तरी शेगडीचे काही बिघडत नाही.

आता राखेच्या ओरखड्यांचा जो विषय मागे सोडला होता, तो घेते. फ्रीड्रिश मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी केली. वरची वस्तू खालच्या वस्तूला ओरखडते, खालची वरचीला नाही. या शिडीवर वाळू सातव्या पायरीवर, काच साडेपाचच्या आसपास, आणि खाण्याचा सोडा अडीचच्या आसपास आहे. एवढी एक गोष्ट समजली की बाजारातल्या अर्ध्या जाहिराती आपोआप समजतात. जुन्या घासण्याच्या पुडीत वाळूच्या जातीचे चूर्ण असे. अमेरिकेत १८८६ साली 'बॉन अमी' या नावाने एक वडी निघाली, तिच्या मालकांनी वाळूऐवजी फेल्डस्पार हा थोडा मऊ दगड वापरला आणि कोंबडीच्या पिल्लाचे चित्र काढून 'अजून ओरखडलेले नाही' अशा अर्थाची जाहिरात केली. लिव्हर बंधूंचे 'व्हिम' १९०४ साली इंग्लंडात आले. १९१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत अॅल्युमिनियमची भांडी दारोदार विकणाऱ्या एका विक्रेत्याने पोलादी तारांचा चोथा साबणात बुडवून वाळविला आणि गिऱ्हाइकांना भेट म्हणून वाटला. भांड्यांपेक्षा चोथ्यालाच मागणी आली. त्याच्या बायकोने त्याचे नाव सुचविले, 'आमची भांडी वाचवा' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन. शोधाच्या इतिहासात बायकोचा उल्लेख येतो तो बहुधा नाव सुचविण्यापुरताच, असो.

तारेचा चोथा आपल्याकडेही 'घासणी' म्हणून रूढ झाला. त्याने स्टीलची शेगडी घासली की डाग निघतो, पण त्याचे बारीक लोखंडी तुकडे ओरखड्यांत अडकतात, ते गंजतात, आणि मग आपण 'स्टील खोटे निघाले' म्हणून दुकानदाराला बोल लावतो. नारळाच्या शेंडीने तसे होत नाही. आपल्या जुन्या साधनांतले हे एक साधन आजच्या शेगडीवर अजूनही निर्धास्त चालते, आणि ते फुकट मिळते.

ही सारी घासाघीस कोण करते, हेही नोंदले पाहिजे. शहरांत ती पुष्कळ घरी धुणेभांडीवाल्या बाई करतात. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा अनेक सुशिक्षित घरांना सोड्याची आणि राखेची किंमत कळली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदा झाला तरी धुण्याच्या सोड्याने भेगाळलेल्या हातांना रबरी हातमोजे देणारी घरे किती आहेत, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकीने स्वतःच्या मोरीकडे पाहून द्यावे. क्षार डागाच्या तेलाचा साबण करतो, तसा तो कातडीतल्या तेलाचाही करतो.

शेवटी काचेविषयी. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी या शास्त्रज्ञाची भट्टी बिघडली. काचेचा एक तुकडा ६०० अंशांपर्यंत तापवायचा, तो ९०० अंशांवर गेला. तुकडा वितळून भट्टी खराब झाली असेल या भीतीने त्याने उघडून पाहिले, तो पांढरा पडलेला तुकडा शाबूत. चिमट्यातून तो जमिनीवर पडला आणि फुटला नाही, खणकन वाजला. अशी काच-चिनीमाती जन्मली. ती तापली तरी जवळजवळ फुगत नाही, म्हणून तिच्यावर गार पाणी पडले तरी तडकत नाही. जर्मनीतील शॉट कंपनीने १९७१ साली तिच्या सपाट शेगड्या पुढे आणल्या. आजच्या इंडक्शन शेगडीचा वरचा भाग बहुधा या जातीचा असतो. तिच्यावरचा कोळसा झालेला डाग काढण्यासाठी तिकडे चक्क वस्तऱ्याचे पाते वापरतात, तिरपे धरून, पृष्ठभाग ओला ठेवून. दुधाचे ते काळे वर्तुळ पात्याखाली पापुद्र्यासारखे सुटते. एका गोष्टीला मात्र ही काच भिते, ती म्हणजे साखर. पाक किंवा गूळ सांडून तसाच थंड झाला की तो निघताना काचेचे टवके घेऊन निघतो. तेव्हा चिक्कीचा पाक सांडला तर शेगडी गरम असतानाच, हात सांभाळून, तो ओढून काढावा.

परंतु आपल्या घरोघरच्या गॅसच्या शेगडीवर जी काळी काच असते, ती बहुतेक ठिकाणी ही नव्हे. ती साधी काच तापवून, वाऱ्याच्या झोताने एकदम थंड करून कणखर केलेली असते. दिसायला सारखी, स्वभाव वेगळा. ती तापलेली असताना तिच्यावर गार ओले फडके टाकले, किंवा पात्याने तिला कडेला खोल ओरखडा काढला, तर तिचे एकदम ज्वारीच्या दाण्यांएवढे तुकडे होऊ शकतात. म्हणून दुधाला घाई करावी असे जे वर म्हटले, त्यात काच थोडी निवू द्यावी एवढी अट आहे. तिच्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावणे, अर्ध्या तासाने जुन्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणे आणि मऊ फडक्याने पुसणे पुरते. बर्नरचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा असेल तर त्याला धुण्याचा सोडा लावू नये, तो काळा पडतो. पितळेच्या वरच्या टोपीला चिंच आहेच.

आणि एक गोष्ट आवर्जून. डाग हट्टी निघाला म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यात संडासाचे आम्ल किंवा अमोनिया मिसळण्याचा प्रयोग कोणी करू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेततो. ब्लीच स्टीललाही बारीक खड्डे पाडते.

कुकरच्या शिट्टीतून उडालेल्या हळदीच्या वरणाचा पिवळा डाग मात्र या सर्वांहून निराळा. हळदीतला रंग १८१५ साली वेगळा काढला गेला. तो क्षार लागला की लालसर होतो, म्हणून सोडा लावताच डाग पसरल्यासारखा वाटून गृहिणी घाबरते. घाबरू नये. लिंबाचा थेंब पडला की तो पुन्हा पिवळा होतो, आणि पुसूनही जी झाक राहील तिला ऊन पुरते. शेगडी खिडकीशी असेल तर दोनचार दिवसांत ती आपोआप विरते. नसेल तर सुटी जाळी आणि बर्नरखालच्या ताटल्या गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळत घालाव्यात.